सायन्स मास्तरांची विलायती भाऊबंदकी

भाऊबंदकीत आयुष्य घालवलेली माणसं आमच्या अकोल्यात पैशाला पासरी, पण युरोपातल्या मेलेल्या शास्त्रज्ञांशी भाऊबंदकी मांडणारा माणूस साऱ्या वऱ्हाडात एकच होता, आणि तो नेमका माझ्या शेजारच्या वर्गावर होता. मी ड्रॉइंग शिकवायचो, हे सायन्स. सगळे जीव पेशींचे बनलेत हे कुणी कसं शोधलं, यापलीकडे त्यांना विषयच नसे. बुचाचा काप भिंगाखाली धरणारा इंग्रज त्यांचा थोरला काका, जरा तिरसट. स्वतःच्या दातांतला मळ भिंगातून पाहणारा हॉलंडचा कापडवाला म्हणजे मामा. जठारपेठेतल्या कापडदुकानात शिरून ते शेटजींना सुनवायचे की, तुमच्याच धंद्यातल्या माणसानं सूत तपासता तपासता दातातले जीव शोधले, तुम्ही नुसतं गिऱ्हाईक शोधता. शेटजी तेव्हापासून त्यांच्याशी तोंड मिटून हसत.

दोन जर्मन, एक झाडांचा जाणकार, एक प्राण्यांचा, जेवणावरच्या गप्पांत रंगले आणि पेशींचा सिद्धांत जमला, ही तर त्यांची लाडकी गोष्ट. त्यामुळे सिद्धांत जेवतानाच सुचतो असा यांचा समज, आणि जेवायला घर आमचं! पानातल्या कांद्याचा पापुद्रा सोलून उजेडाकडे धरत, हात वाळला तरी उठत नसत. सिद्धांत काही सुचला नाही, भाकरी मात्र संपत.

तिसऱ्या एका जर्मनाशी त्यांचं हाडवैर. पेशी पेशीपासूनच जन्मते, हे पाठ्यपुस्तकात त्या बड्या डॉक्टरच्या नावावर. मास्तर म्हणत, ते आधी दाखवलं एका ज्यू डॉक्टरनं, आणि धर्म सोडला नाही म्हणून त्या बिचाऱ्याला प्रोफेसरची जागा दिली नाही. मास्तर छप्पन साली बौद्ध झालेले. माणसाला दाराबाहेर कसं ठेवतात हे त्यांना पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. वर्षभर त्यांनी पोरांकडून ज्यू डॉक्टरचंच नाव घोटून घेतलं.

आणि त्याच वर्षी ते नोकरीत कायम व्हायचे होते. इन्स्पेक्टरसाहेब येणार म्हणून हेडमास्तरांनी बजावलं, उत्तर पुस्तकातलंच हवं, नाहीतर दुसरी शाळा बघा. मास्तर माझ्याकडे आले.

"पोराईले आता खोटं शिकवू काय गा?"

मी म्हटलं, शिकवा, घरी लेकरंबाळं आहेत. पण ऐकतील तर ते मास्तर कसले!

साहेबांनी नेमकं तेच विचारलं. मीच रंगवलेला पेशीचा तक्ता धरून मी त्यांच्या वर्गात उभा, मास्तरांनी डोळे मिटलेले. पहिल्या बाकावरच्या पोरीनं एकदा मास्तरांकडे पाहिलं आणि बड्या डॉक्टरचं नाव सांगितलं. दुसऱ्यानं तेच, तिसऱ्यानं तेच. हेडमास्तरांचं बोलणं पोरांच्या कानावर गेलं होतं, आणि अख्ख्या वर्गानं आपसात ठरवून टाकलं होतं. साहेब खूश झाले. मास्तर कायम झाले.

मी पेढे मागायला गेलो तर हे ओसरीवर पडलेले.

"पोराईनं मले वाचवलं," ते म्हणाले, "अन् त्या डाक्टराले पुन्हा बुडवलं. आता मी रागावू कोनावर?"

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तोच धडा पुन्हा घेतला. प्रश्न विचारताच साऱ्या पोरांनी ज्यू डॉक्टरचं नाव घेतलं, एवढ्या मोठ्यानं की माझ्या वर्गातल्या पोरांच्या पेन्सिली थांबल्या.