मालधक्क्याची जागा

हे आजवर माझ्या तोंडातून बाहेर पडलेलं नाही. आईजवळ नाही, मामाजवळ तर नाहीच. आधी इंग्रजीत लिहून पाहिलं. माझी सगळी शाळा इंग्रजीत झाली, मराठी लिहिताना मी अजून अडखळते. पण इंग्रजीत ते फार सभ्य दिसायला लागलं. जणू काहीतरी घडलं आणि मी फक्त जवळपास उभी होते.

मी भोपाळमध्ये एका सल्लागार कंपनीत काम करते. गुंतवणूकदारांसाठी जिल्ह्यांची ओळख करून देणाऱ्या पुस्तिका आम्ही तयार करतो. तेव्हा माझ्याकडे महाराष्ट्राच्या हद्दीला लागून असलेला एक जिल्हा होता. जमिनीखाली मँगनीज आणि तांबं, वर साग-बांबूचं जंगल, मधे भाताची खाचरं. आणि आता त्यातून रुंद रस्ता, कारखाने, खनिज रेल्वेत भरायला नवा मालधक्का. मी तिथे एकदाच गेले, आणि गाडीतून फारशी उतरलेही नाही. माहिती आणायची सरिता. ती तिथलीच, माझ्याहून थोडी मोठी, कमी बोलणारी. तिचं टेबल माझ्या समोर होतं. मला ती आवडत नव्हती का? खरं म्हणजे मला तिची भीती वाटायची — माझ्यासारखीच तीही सगळं बघत असायची.

आता एक सवय सांगते. मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरहून भोपाळला आली तेव्हा आजोबाही नोकरीबरोबर इकडे आले. तेव्हापासून आमच्या घरी मराठी ही बोलायची भाषा आहे, आणि लपायची जागाही. टी. टी. नगरच्या बाजारात आई दुकानदारासमोर मला खुशाल म्हणते, "लुटतोय मेला, चल पुढे," आणि त्याच्याकडे बघून गोड हसते. मीही तेच शिकले. ऑफिसात घरचा फोन आला की जागेवरूनच बोलायचे. कुणाला काय कळतंय?

मामाचा फोन आला तेव्हाही मी जागेवरच होते. मामा प्लॉटचे व्यवहार करतो. "काय बाईसाहेब, सध्या कुठलं जंगल विकताय?" मी हसले. मग त्याने सहज — सहज? — विचारलं की मालधक्का नक्की कुठे होणार. जाहीर व्हायला अजून वेळ होता. मी गावाचं नाव सांगितलं. नदीच्या कुठल्या बाजूला, तेही सांगितलं. लहानपणापासून तो मला "मुकी मैना" म्हणतो. त्या दिवशी पहिल्यांदा त्याला माझ्याकडून काही ऐकायचं होतं.

काही महिन्यांनी आमच्या कंपनीच्या सरांना कळलं, भोपाळच्या कुणीतरी त्या गावात आधीच जमीन घेऊन ठेवली आहे. नाव मामाच्या भागीदाराचं होतं; ते फक्त मी ओळखलं. सरांनी सगळ्यांना आत बोलावलं. "बात बाहर किसने की?" मी एकेकाचा चेहरा बघत होते — माझ्याकडे कोण बघतंय ते बघत होते. सरिता बघत होती. की मला तसं वाटलं?

इथे गप्प बसले असते तर मी नुसती भित्री ठरले असते. पण मी बोलले. मीटिंगमध्ये कधी तोंड न उघडणारी मी हळूच म्हणाले, "सर, सरिता जी का घर तो वहीं है ना?"

एवढंच. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. आणि मी कधी बोलत नाही, म्हणूनच ते लगेच सगळ्यांना पटलं. "सर, मैंने किसी को नहीं बताया," सरिता म्हणाली. एकदाच म्हणाली. त्याच महिन्यात तिला काढलं.

शेवटच्या दिवशी ड्रॉवर रिकामा करून ती माझ्या टेबलापाशी थांबली. पिशवी खांद्याला अडकवली. आणि मराठीत — आजोबांना भेटायला नागपूरहून माणसं यायची, त्यांच्या मराठीत — म्हणाली, "मामाले नमस्कार सांगजा, ताई."

तिच्या भागात कितीतरी घरी मराठी बोलतात. पुस्तिकेतल्या भाषांच्या परिच्छेदात मीच ते लिहिलं होतं, तिनेच आणलेल्या माहितीवरून. लिहिलं आणि विसरले. म्हणजे मामाचा फोन तिने ऐकला होता. त्याआधी तिच्या साड्यांवरून, तिच्या डब्याच्या वासावरून मी आईशी जे बोलायचे, तेही.

मग ती सरांसमोर का बोलली नाही? आपल्यावर कोण विश्वास ठेवणार, असं वाटलं? माझी दया आली? की कधीतरी वापरायला राखून ठेवलंय? बघा — आजही मी संशय तिच्यावरच घेते. आणि सगळ्यांवर. ऑटोवाला आरशात बघतो तेव्हा वाटतं, याला मराठी येतं. घरचा फोन आला की मी जिन्यात जाते. दिवाळीला मामाने कानातले दिले; हे कशाबद्दल, असं मी विचारलं नाही. कानातले घालते.

त्या जिल्ह्यातून येणाऱ्या आमच्या ड्रायव्हरने एकदा चहा पिताना सांगितलं. सरिता गावी गेली तर लोकांनी तिला दलाल म्हटलं. आमची जमीन स्वस्तात गेली, कारण भोपाळला बसून हिनेच बातमी विकली, म्हणाले. ती भोपाळला परत आली. आता करोंदला, मंडीत कुणा आडत्याकडे काम करते म्हणे. करोंद माझ्या घरापासून लांब नाही. मी गेलेले नाही.

मालधक्क्याची जागा मी सांगितली. आणि सरांसमोर सरिताचं नाव घेतलं, तेव्हा ती जागा तिने सांगितलेली नाही हे त्या खोलीत दोघींनाच माहीत होतं. त्यातली एक मी होते.