साडूच्या नाटकातली माझी जागा

माझ्या साडूने दुखावली नाहीत अशी मराठी माणसं अख्ख्या नेदरलँड्समध्ये शोधून सापडायची नाहीत, आणि दुखावली तीही निव्वळ प्रेमापोटी. आठवडाभर हूफडॉर्पच्या ऑफिसात सॉफ्टवेअरमधल्या चुका काढायच्या आणि शनिवार-रविवार माणसांमधल्या, हा त्याचा उद्योग. अडीच हजार वर्षांपूर्वीचा एक ग्रीक विनोदी नाटककार त्याच्या मानगुटीवर बसलेला होता. तो ग्रीक गृहस्थ गावातल्या पुढाऱ्यांची आणि पंडितांची नावं घेऊन भर रंगमंचावर त्यांची रेवडी उडवायचा, आणि ती मंडळी समोरच बसलेली असायची. "अरे, समोर बसवून टिंगल करायची म्हणजे त्या माणसाला आपला मानायचं," असं साडू म्हणे.

आमच्या मंडळाच्या गणेशोत्सवात तो दरवर्षी याच पद्धतीचं नाटक बसवायचा. एकदा तालमीला उशीर होईल म्हणून अंगभर कोंबड्याची पिसं लावूनच तो ट्रेनमध्ये बसला. एकाही डच माणसाने मान वर करून पाहिलं नाही, याचं दुःख त्याला महिनाभर पुरलं. अध्यक्षांचं न संपणारं भाषण, आमच्या हिचे बिघडलेले मोदक, काही म्हणजे काही सुटायचं नाही. दर वर्षी 'पुढच्या वर्षी पुण्याला परत जाणार' असं जाहीर करणारा मी तर कायमचं पात्र होतो. मी कान लाल करून हसायचो.

मग माझी नोकरी गेली. घरी सांगायचा धीर होईना. रोज लॅपटॉपची बॅग घेऊन मी युट्रेख्टच्या ग्रंथालयात जाऊन बसायचो. तिथे साडूने मला पाहिलं. आठ दिवसांनी तो नव्या नाटकातला एक प्रवेश वाचून दाखवायला आला. त्यात मी होतो, बॅगेसकट, पुस्तकांच्या कपाटामागे डबा खाणारा. "तुला सांगायला जमत नाहीये," तो म्हणाला. "सगळे एकदा हसले की घरी बोलणं सोपं जाईल." आणि हे तो अगदी मनापासून म्हणत होता. मी संतापलो. म्हटलं, "यापुढे तुझ्या नाटकात माझं नाव घ्यायचं नाही." त्याने कागद घडी करून खिशात ठेवले.

हिला मी पुढे स्वतःच सांगितलं. नोकरीही मिळाली. यंदाच्या गणपतीत मी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो. अध्यक्ष झाले, मोदक झाले, गेल्याच महिन्यात आलेल्या एका जोडप्याचीसुद्धा टर उडवून झाली. माझी पाळी येईल म्हणून मी कान लाल करायच्या तयारीत होतो, तर पडदा पडला. आत जाऊन मी त्याला विचारलं, "मला का वगळलंस?"

तो चेहऱ्यावरचा रंग पुसत होता. "तूच सांगितलं होतंस ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात टिंगल औषधालाही नव्हती. इतकी वर्षं या देशात काढली, पण मी परका आहे असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.