दूध वर येईपर्यंत

बुऱ्हाणपुरात आज जी माणसं लेखक न होता सुखानं जगताहेत, ती सगळी माझ्या मामेसासऱ्यांना चुकवून जगताहेत. बाकीच्यांना त्यांनी गाठलेलं आहे. भाजीवाली असो, शेजारचा वकील असो, की नुसता पत्ता विचारायला थांबलेला मोटरसायकलवाला, मामांकडे प्रत्येकासाठी एक विषय तयार असतो. "पत्ता सांगतो ना, भाऊ. पहिले हे सांगा, तुमची गाडी रात्री एकटी उभी राहते तेव्हा काय सोचत असंल? हा घ्या कागद." मी मुलगी पाहायला आलो होतो तेव्हा माझा पगार, गोत्र, व्यसनं हे सगळं बाकीच्या नातेवाइकांनी विचारलं. मामांनी माझ्या हातात पेन दिलं आणि म्हणाले, "समोरच्या पोह्यांना तुमच्याबद्दल काय वाटून राह्यलं, ते लिहा." मी घाबरून पानभर लिहिलं. लग्न जमलं. पोह्यांच्या मनातलं एवढं ओळखणारा माणूस बायकोला त्रास देणार नाही, असा शेरा मामांनी दिला होता म्हणे.

बुधवारा मोहल्ल्यात माझं चष्म्याचं दुकान आहे. तिथंही त्यांची फेरी असते. डोळे तपासायला आलेल्या गिऱ्हाइकाला मी भिंतीवरच्या तक्त्यातली अक्षरं वाचायला सांगतो, आणि मागून मामा त्याला त्याच अक्षरांनी सुरू होणारी वाक्यं रचायला लावतात. एक म्हातारबा चष्मा न घेताच गेले, पण जाताना हरवलेल्या बकरीची सुरेख गोष्ट मागे ठेवून गेले. त्या दिवशी मामा खूश होते. माझ्या धंद्याचं काय, हे विचारायचं त्यांना सुचलं नाही आणि मलाही सांगायचं धाडस झालं नाही.

मामांची सगळी नोकरी कागदाच्या कारखान्यात, मशीनवर गेली. तिथं लगद्याचा कागद होऊन अखंड पळत राहतो, आणि मध्येच तुटला की पाळीवरची सगळी माणसं धावत सुटतात. मामांच्या अंगातली ती धावपळ अजून निवृत्त झालेली नाही. रविवारी दुपारी त्यांच्या घरी लेखनाचा वर्ग भरतो. तिथला एकच नियम, पेन थांबता कामा नये. सुचत नसेल तर 'सुचत नाही' असं लिहीत राहायचं, पण लिहायचं. कुणाचं पेन थबकलं की मामा खोलीच्या दुसऱ्या टोकाहून "कागद टूटा, कागद टूटा" करत येतात आणि त्याचं कोपर ढकलतात. कारखान्यात तुटलेला कागद फेकत नाहीत, परत लगद्याच्या हौदात टाकतात. म्हणून आम्ही लिहिलेलं वाईट लिखाणही मामा फेकत नाहीत. त्याच्या पट्ट्या फाडून एका प्लॅस्टिकच्या बादलीत टाकतात, आणि पुढच्या रविवारी ज्याच्या हाताला जी पट्टी येईल तिथून त्यानं सुरुवात करायची. मला माझंच एक टुकार वाक्य कितीदा तरी परत मिळालं आहे.

बादलीत सर्वात जास्त माल असतो तो पाटलांचा. पाटील तापीपलीकडचे, जैनाबादचे, केळीवाले. विषय कुठलाही द्या, ते केळीवरच येतात. मामांनी 'समुद्र' दिला, तर यांनी लिहिलं, समुद्रात पाणी चिकार आहे, पण माझ्या केळीला त्याचा काय उपयोग. मामा चिडले तर पाटील शांतपणे म्हणाले, "मले दुसरं काही दिसतच नाही, मामा. मी काय करू?"

घड्याळावर मामांचा विश्वास नाही. लिहायची वेळ मामींच्या दुधावर चालते. मामी आत गॅसवर पातेलं ठेवतात, आमची पेनं सुरू होतात. दूध वर आलं की मामी गॅस बंद करून "आलं" म्हणतात, मग पेनं खाली आणि चहा. मामींचं दूध उतू गेलेलं कुणी पाहिलेलं नाही.

तर या चैत्रात, त्यांच्या लग्नाच्या वाढदिवसाला, मामी भरल्या वर्गात बाहेर येऊन म्हणाल्या, "लोकायसाठी दूध तपवू तपवू मी थकली. साऱ्या गावाला लिवायले लावता, माह्यावर कधी दोन ओळी लिवल्या का? आज लिवा. नाहीतर पुढच्या रविवारी गॅस बंद."

आता गंमत अशी की मामांनी स्वतः कधीच एक ओळ लिहिली नव्हती. "कागद बनवणाऱ्यानं त्यावर लिहू नाही," असं काहीतरी सांगून ते सुटायचे. त्या दिवशी सुटले नाहीत. मामी आत गेल्या, पातेलं चढलं. मामांनी बादलीत हात घातला. पट्टी अर्थातच पाटलांची निघाली, 'केळीला पाणी कमी पडलं.' मामांनी तेवढं उतरवून काढलं आणि पेन थांबलं. शेवटी पाटील उठले, हळूच म्हणाले, "कागद टूटा, मामा," आणि त्यांचं कोपर ढकललं.

मामा लिहू लागले. दुधाचा वास आला, मग जळका वास आला, पण आतून "आलं" आलं नाही. मी डोकावलो. दूध ओट्यावरून खाली चाललं होतं आणि मामी दारात उभं राहून मामांचा हलणारा हात बघत होत्या.

मामांनी लिहिलं होतं, "केळीला पाणी कमी पडलं तर ती पान मुडपून सांगते. आमच्या हिनं कधी सांगितलं नाही. मी कारखान्यातून आलो की माझ्या कपड्यांना लगद्याचा घाण वास यायचा. हिनं ते कपडे रोज धुतले आणि एकदाही नाक धरलं नाही." मामींनी ते वाचलं, ओटा तसाच ठेवून परत वाचलं. "चहा कोरा भेटंल," एवढंच म्हणाल्या. माझे डोळे भरून आले होते, आणि सांगायला लाज कसली.

वर्ग चालू आहे. मामांनी त्यानंतर एक अक्षर लिहिलेलं नाही. पण अजूनही एखाद्या रविवारी मामी "आलं" म्हणायला जरा उशीर करतात, दारात येऊन मामांच्या हातात पेन आहे का ते बघतात. मामा दुसऱ्या कुणाचं तरी कोपर ढकलत असतात. मग मामी आत जातात आणि गॅस बंद करतात.