भावजयीचा स्कॅनर

कर्जतच्या चार फाट्याजवळ पांडूचं गॅरेज सव्वीस वर्षं चालू आहे. शाळा नववीत सुटली, पण गाडीच्या आवाजावरून रोग ओळखण्यात त्याचा हात कुणी धरत नसे. "पांडूला गाडी दाखवायची नाय, ऐकवायची," असं लोक म्हणायचे. त्या एका वाक्यावर तो उन्हातान्हात बारा-बारा तास गाडीखाली पडून राहायचा. धाकट्या भावाचं, कपिलचं, शिक्षण त्यानंच केलं. कपिल खोपोलीला कारखान्यात लागला, त्याचं लग्न झालं, भाग्यश्री त्यांच्या भिसेगावच्या एकत्र घरात आली. ती खालापूरला सरकारी दवाखान्यात रक्त तपासायच्या कामाला. या भावजयीचं पांडूला कौतुकच होतं. बिनसलं ते तिच्या गाडीपायी.

गाडी दोन हजार अकरा सालची, पांढरी, दोन मालकांच्या हातून आलेली. पांडूनंच पारखून घेऊन दिली होती. समोरचा इंजिनाचा पिवळा दिवा लागला की भाग्यश्री गाडी गॅरेजवर आणायची. पांडू बॅटरीची वायर थोडा वेळ काढून ठेवायचा आणि परत लावायचा. दिवा गेलेला असायचा. आठ-पंधरा दिवसांत स्वारी पुन्हा हजर.

तिसऱ्यांदा असं झालं तेव्हा तिनं विचारलं, "भावजी, दिवा विझतो, पण लागतो कशानं?"

"जुनी गाडी हाय गं. लागायचाच."

पुढच्या रविवारी सकाळी पांडू अंगणात दात घासत उभा असताना तिनं काडेपेटीएवढा एक काळा डबा, गाडीचा स्कॅनर, स्टिअरिंगखाली खोचला, किल्ली फिरवली आणि मोबाईल समोर धरला. मग वहीत लिहिलं: तारीख, किलोमीटर, आणि मोबाईलवर आलेला बिघाडाचा कोड, पी शून्य एक तीन पाच. सायलेन्सरच्या नळीवर एक सेन्सर असतो, त्याच्या आतला हीटर गेला होता. चार दिवसांनी तिनं नवा सेन्सर पांडूच्या हातात ठेवला. "एवढा बसवून द्याल का?"

त्यानं बसवला. दिवा पुन्हा लागलाच नाही.

आई, पारूबाई, येईल-जाईल त्याला सांगू लागली, "माझी सून मानसाचं रगत तपासती तशी गाडी तपासती. बसल्या जागी रोग काढला!" हीच आई एके काळी पांडूच्या कानांचं कौतुक सांगायची. आता तिला दुसरा विषयच सुचेना. जेवताना तेच, चहाला तेच. पांडूचा घास तोंडात फिरायचा.

मग एका रविवारी तो दूध घेऊन आला तर अंगणात चांगोची व्हॅन. हा दहिवलीचा शेतकरी, वीस वर्षांचं गिऱ्हाईक. त्याच्या व्हॅनमध्ये भाग्यश्री वाकून बसलेली, आणि चांगो हात बांधून तिच्यापुढं असा उभा, जसा डॉक्टरपुढं उभा राहावा.

"पांडूशेठ, ताईंनी एका मिनिटात सांगितलं बगा!" तो हसत म्हणाला.

पांडूही हसला. आत मात्र विंचू डसावा तसं झालं. त्या दिवशी गॅरेजवर त्यानं दोन बोल्ट आवळताना मोडले.

पंधरवड्यानं, एका शनिवारी, भाग्यश्रीनं गाडी ऑइल बदलायला आणून ठेवली आणि ती बाजारात गेली. पांडूनं ऑइल बदललं, फिल्टर बदलला. बॉनेट लावायचं तेवढं राहिलं होतं. इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा सेन्सर त्याच्या अगदी हाताशी होता. त्याच्या वायरीचं टोक जिथं बसतं त्या कपलरचं लॉक त्यानं अंगठ्यानं उचललं, कपलर अर्धा बाहेर ओढला आणि बॉनेट लावलं. बेत साधा होता. दिवा लागेल. डबा म्हणेल सेन्सर गेला. ती नवा आणील, तरी दिवा जायचा नाही. मग गाडी येईल गॅरेजवर, आणि तो चारचौघांत एका बोटानं दुरुस्त करून दाखवील.

सोमवारी दुपारी तो जेवायला घरी आला, तर पारूबाई ओट्यावर पाय चोळत बसली होती.

"कुटं गेलतीस, आये?"

"खोपोलीला डोळं दाखवाया. सुनबाई म्हनाली, माझी सुट्टी हाय, चला. आनि पळसदरीच्या चढाला गाडी गचके देऊन बंद पडली रं!"

"मग?"

"मग काय, तिनं डबा लावला, वर उघडून कायतरी दाबलं. धा मिंटात चालू."

त्याच्या मनात पहिल्यांदा जे आलं ते हे: फक्त दहा मिनिटांत? सापडलं हिला? आधी जळफळाटच झाला. लाज नंतर आली, आई पुढं बोलली तेव्हा.

"मागं टरक व्हता, हॉर्न मारून मारून कान फोडले. तिनं मला उतरवून दगडावर बसवलं. पांडू, वाटलं आता हितंच जाते मी."

भाग्यश्री पाण्याची कळशी घेऊन बाहेर आली. कळशी ठेवून ती हळूच म्हणाली, "कपलर अर्धा बाहेर होता, भावजी. ऑइल बदलताना हात लागला असंल."

तिला ठाऊक होतं. लॉक उचलल्याशिवाय तो कपलर निघत नाही, हे तिनं तिथं उभ्या उभ्या पाहिलं असणारच. तरी तिनं त्याला वाट काढून दिली होती. तेही त्याला सोसवेना. चांगुलपणातसुद्धा हीच पुढं!

"हात लागला नाय," तो म्हणाला. "मी काढला."

"का?"

"तुझं बगवत नवतं म्हनून."

पारूबाईचे पाय चोळणारे हात थांबले. "मी व्हते रं त्या गाडीत," ती एवढंच म्हणाली आणि भिंतीला धरून आत गेली. पांडू न जेवताच गॅरेजवर परतला.

भाग्यश्रीनं कपिलला काही सांगितलं नाही. पण त्यानंतर चार महिने तिची गाडी खोपोलीच्या गॅरेजला जात राहिली. रोज सकाळी ती चार फाट्यावरून जाताना दिसायची, आणि पांडू पाना शोधायच्या निमित्तानं पाठ फिरवायचा. आई काही दिवसांनी बोलायला लागली, पण भाजीत मीठ कमी आहे का, पाणी आलं का, एवढंच.

माघात एका सकाळी पांढरी गाडी गॅरेजसमोर थांबली. "पुढच्या चाकात घासल्यासारखा आवाज येतो. डब्यात काही दिसत नाही," भाग्यश्री म्हणाली. पांडूनं गाडी एक चक्कर मारून आणली आणि ब्रेकचे पॅड संपल्याचं सांगितलं. काम होईपर्यंत ती खुर्चीवर बसली नाही. शेजारी उभी राहिली, त्याच्या हातांकडं बघत. त्यानं तिला बस म्हटलं नाही. त्याला तो अधिकार उरला नव्हता.

काम झाल्यावर हात पुसत तो म्हणाला, "चांगोच्या व्हॅनचा दिवा परत लागलाय. मला नाय सापडत."

"पाठवा रविवारी घरी," ती म्हणाली. "तुम्ही पण थांबा. दोघं मिळून बघू."

आता गॅरेजवर दिवा लागलेली गाडी आली की पांडू स्वतःच सांगतो, "आधी आमच्या घरी जा. भाग्यश्रीकडनं कोड काढून आन, मग ये." पहिल्यांदा हे म्हणणं त्याला जड गेलं होतं. आता सवय झाली आहे. तरी माणूस परत येऊन "ताई लई हुशार हायत" म्हणाला, की त्याच्या छातीत काहीतरी बारीक टोचतं. तो "हाय खरी" म्हणतो आणि बॉनेट उघडतो.