गाळणीत आलेला मासा

माझ्या कामाविषयी गावात कुणी विचारलं की आई सांगायची, "थे मासे पाहते." त्यावरून एका गृहस्थांनी मला तलावाचा ठेका कसा मिळवायचा ते विचारलं होतं. मी शहरातल्या एका प्रयोगशाळेत, अंधाऱ्या खोलीत, बोटाच्या पेराहून लहान माशांच्या शेपट्या कापते आणि त्या पुन्हा कशा उगवतात ते बघते, हे आमच्या आसेगावात सांगितलं असतं तर लोकांनी मला वेड्यात काढलं असतं.

आईला मात्र सांगितलं होतं, कारण तिच्या डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट नाही. मी शाळेत असताना ते कडबा कापायच्या यंत्रात गेलं. वडील त्याआधीच गेले होते, घरात आम्ही दोघीच. "बोट अजून खाजते," असं ती मधूनच म्हणते आणि जिथं बोट असायला हवं तिथं हवेत खाजवते. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. खरं सांगायचं तर अजूनही वाटते.

"माशाले येते तं मानसाले काहून नाही येत?" एकदा फोनवर तिनं विचारलं.

मी तिला एवढंच सांगितलं, की जखम झाली की तिथल्या पेशी शेजारच्या पेशींना हाक मारतात. ज्या ऐकतात त्या वाढायला लागतात. आमच्या माशांत एका समुद्री जीवाचा जनुक घातलेला असतो, त्यामुळे हाक ऐकलेली पेशी निळ्या उजेडात हिरवी चमकते. हाक मारणारी अंधारातच राहते.

"मंग दाखव ना," ती म्हणाली.

आमच्याकडे नियम एकच आणि कडक. असला मासा प्रयोगशाळेच्या दाराबाहेर जिवंत जात नाही. काम संपलं की त्याला मारायचं. हा नियम मी नव्या मुलांना डोळे वटारून सांगते. आणि गेल्या पोळ्याला मीच चपट्या बाटलीत चार दिवसांची एकतीस पिल्लं घेऊन एसटीत बसले. भुवईच्या केसाएवढी पिल्लं, कोण बघतंय! त्यातल्या एकाची शेपटी निघायच्या आदल्या दिवशी मी मुद्दाम कापली होती. आईला दाखवायला, आणि थोडी शेखी मिरवायलाही.

मधल्या खोलीची दारं लावून मी निळी बॅटरी पेटवली आणि तिच्या हातात भिंग आणि निळा उजेड अडवणारी पिवळी काच दिली. तिनं भिंग एकेका पिल्लावरून फिरवलं. बाकीच्या पिल्लांच्या अंगात इथंतिथं हिरवे ठिपके होते. शेपटी तुटलेल्याच्या मागच्या टोकाला मात्र हिरवी किनार पेटली होती आणि छातीत काळीज उडताना दिसत होतं.

"आयकून राह्यला हा," आई हळूच म्हणाली. मग तिनं आपला डावा हात बॅटरीखाली धरला. नखं तेवढी फिकट चमकली. बोट नव्हतं तिथं काहीच नव्हतं, तरी ती तिथंच बघत राहिली. मी बॅटरी बंद केली.

"मंग या पिल्लायचं काय करशीन?"

"बर्फाच्या पाण्यात टाकायचे. मग ब्लीचमध्ये," मी म्हणाले. रोजचं वाक्य होतं, जीभ अडखळली नाही.

दुसऱ्या दिवशी एका दाखल्यासाठी मंगरूळपीरला जाऊन बाराच्या सुमारास परत आले. माझी बाटली घासून, पुसून, स्टीलच्या गिलासांच्या रांगेत पालथी घातलेली होती.

"हिरीत सोडले," आई भाकरी थापता थापता म्हणाली. "दवाखान्यातले लोक गप्पी सोडतेत ना दरसाली, तसे. डास खातीन बापडे. जित्ता जीव कायले माराचा?"

तिचं चुकलं असं तरी कसं म्हणू? आमच्याकडे छोटा मासा दिसला की विहिरीत किंवा टाक्यात सोडायचा, हे गावभर सगळ्यांना पाठ आहे. शिवाय आमच्या घरी रोज सकाळी हात जोडून पंचशील म्हणतात, आणि त्यातलं पहिलं शील आईनं कधी नुसतं म्हटलेलं नाही. तरी मी तिच्यावर ओरडले. भादव्यात आमची विहीर काठोकाठ भरते आणि नाल्याला लागते. नाल्यात याच जातीचे, पट्ट्यांचे बारके मासे आहेत. एक जरी वाचला, वाढला, तर तो हिरवा रंग कुठवर जाईल हे कुणाच्या हातात राहणार नव्हतं. माझी नोकरी जाईल ही भीती होतीच, ती कशाला लपवू?

दिवसा काही दिसणार नाही म्हणून मी डोक्यावरून काळी घोंगडी घेतली आणि विहिरीच्या काठावर पालथी पडले. आई मागून म्हणाली, "बाराच्या टायमाले हिरीत वाकू नोको." मी शिकलेली, मी कुठली ऐकते!

घोंगडीच्या आत बॅटरी लावली आणि डोळ्यांपुढे पिवळी काच धरली. विहीर लाल होती. पाण्याखालची प्रत्येक पायरी, प्रत्येक दगड आतून पेटल्यासारखा रक्तलाल. शेवाळातलं हरितद्रव्य निळ्या उजेडात लाल दिसतं, हे मी कितीदा शिकवलंय. पण आपण जन्मभर जिचं पाणी प्यायलो ती विहीर अशी दिसली तर शिकवलेलं आठवत नाही. त्या लालीत गप्पी फिरत होते, आणि दोघातिघांच्या पोटात बारीक हिरवा उजेड होता. पोटातला उजेड इकडून तिकडे हलत होता. मी घोंगडी फेकली आणि उन्हात बसून राहिले.

तिसऱ्या दिवशी तो सापडला. दुसऱ्या पायरीच्या खोबणीत, गप्पींना शिरता येणार नाही अशा फटीत, एकच हिरवी रेघ स्थिर उभी होती. मी चहाची गाळणी खाली सरकवली. तो पळाला नाही.

घरात आई नव्हती. मी त्याला वाटीत घेऊन निळ्या उजेडात भिंगाखाली धरलं. शेपटी जवळजवळ पुरती आली होती. किनारीवरच्या साऱ्या पेशी इतक्या हिरव्या होत्या, की असा उजेड मी प्रयोगशाळेत कधी पाहिला नव्हता. कुणाच्या तरी हाका त्या अजून ऐकत होत्या. मी फ्रिजमधला बर्फ वाटीत घातला. पिल्लांचं काळीज लवकर थांबत नाही. थांबेपर्यंत बघायचं, हाही नियम आहे, आणि तो मी पाळला. तेव्हाही शेपटी चमकतच होती. मग ब्लीच घातलं. वाटी मी परसात पुरली, गाळणी दोनदा घासली आणि पालथी घातली.

"भेटला का कोनी?" संध्याकाळी आईनं विचारलं.

"नाही. गप्पींनी खाल्ले सगळे."

"थो शेपटीवाला बी?"

"तो बी."

ती माझ्याकडे नाही, गिलासांच्या रांगेकडे बघत होती. रांगेच्या टोकाला गाळणी होती. आमच्याकडे संध्याकाळचा चहा तोवर झालेला नव्हता. ती उठली, गाळणी उचलली, उजेडाकडे धरून पाहिली आणि चहा टाकला. मी माझा चहा तसाच ठेवला. तिनं पूर्ण प्यायला.

सकाळी आम्ही नेहमीसारख्या पंचशील म्हणायला फोटोसमोर बसलो. मेणबत्ती लावली. शीलं आम्ही लहानपणापासून एका आवाजात म्हणतो, श्वासही एकाच जागी घेतो. पहिलं म्हटलं, जीव घेणार नाही. तिचा आवाज माझ्याहून वर होता. दुसरं, तिसरं झालं. चौथं सुरू झालं आणि तिचा आवाज थांबला. खोटं बोलणार नाही, हे मी एकटीनंच म्हणत होते. मी मान वळवली. तिचे हात जोडलेले होते, एका बोटाची जागा मोकळी. त्या मोकळ्या जागेवरून ती माझ्याकडे बघत होती, मी पुरं म्हणेपर्यंत.