रिसालदारांचा पिंजरा

साळवे रिसालदारांच्या गाडीत बसलं की हजेरी द्यावी लागे. किल्ली फिरवण्याआधी ते समोर बघतच एकेकाचं नाव घेत, आणि प्रत्येकानं "बसलो" म्हटल्याशिवाय गाडी जागची हलत नसे. एकदा माझ्या आईला ते दवाखान्यात सोडायला निघाले होते. आईच्या तोंडात पान होतं, त्यामुळे तिला बोलता येईना. रिसालदार थांबून राहिले. शेवटी आईनं खिडकीतून पिंक टाकली, "बसले रे बाबा," म्हणाली, आणि मग आम्ही निघालो. सगळी नोकरी रणगाड्यात गेलेली. तिथं एकाला दुसरा दिसत नाही, म्हणून आवाजानं खात्री करून घ्यायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

नव्वदच्या दशकात आम्ही नगरला भिंगारच्या बाजूला शेजारी राहत होतो. मी सुप्याच्या एका कारखान्यात पाईप वाकवण्याच्या खात्यात नवा लागलो होतो. रिसालदारांच्या पत्नी कर्जत रस्त्यावरच्या एका गावात शिक्षिका होत्या. सगळं गाव त्यांना बाई म्हणे, म्हणून रिसालदारही बाईच म्हणत आणि अहोजाहो करत. रोज सकाळी त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीतून ते बाईंना शाळेत सोडत आणि संध्याकाळी आणत. आणि महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी, बाईंबरोबर सकाळची उपासना आटोपून, तीच गाडी ते शर्यतीत पळवायला नेत.

त्यांना गाडी चालवताना मी पहिल्यांदा पाहिलं ते पुण्याजवळच्या एका मातीच्या मैदानावर. इतर पोरं वळणावर धुरळा उडवत, ब्रेक दाबत, शिव्या घालत. रिसालदार त्या वळणातून असे निघून गेले की गाडीला तिकडे जायचंच होतं आणि ते फक्त सोबत बसले होते. माझ्या अंगावर काटा आला. पुढे कितीतरी वेळा पाहिलं, पण तो काटा काही कमी झाला नाही.

त्या दिवशी पलीकडच्या वळणावर एक गाडी उलटली आणि तिचं टप दबलं. चालक थोडक्यात वाचला. नगरला आल्यावर मी रिसालदारांच्या मागेच लागलो. म्हटलं, काका, पिंजरा बसवू. पिंजरा म्हणजे गाडीच्या आत बसवलेला जाड पोलादी पाईपांचा सांगाडा. गाडी उलटली तरी टप खाली येत नाही. मी चित्रंच काढून नेली होती. एकात चालकाच्या पाठीमागे नुसती कमान होती. दुसऱ्यात मागे कमान, पुढे काचेच्या कडेनं पाईप, दारात आडवे पाईप, असा भरगच्च पिंजरा. खरं सांगायचं तर मला तोच करायचा होता. सबंध जिल्ह्यात तसं काम कोणी केलेलं नव्हतं.

रिसालदारांनी चित्र बघितलं आणि म्हणाले, "वसंता, लोखंड कुनाचं नातलग न्हाई."

मग त्यांनी एका नव्या जवानाची गोष्ट सांगितली. उन्हानं डोकं तापलं म्हणून त्यानं रणगाड्यात बसल्या बसल्या हेल्मेट काढलं. तेवढ्यात खड्डा आला. "टँकला काय झालं? कायबी न्हाई. पोराचा डोळा गेला. शर्यतीत माझ्या डोक्यावर हेल्मेट असतं, पट्टे आवळलेले असत्यात. रोज शाळेला जाताना बाईंच्या डोक्यावर काय असतं? अंबाडा."

मला वाटलं विषय संपला. पण पुढच्या सुट्टीच्या दिवशी त्यांनी मला बोलावलं. माझ्या चित्राबरहुकूम त्यांनी गाडीत बांबूचा पिंजरा सुतळीनं बांधला होता आणि बांबूंना ओला चुना फासला होता. बाईंना पुढे बसवलं, मला मागे. हजेरी झाली आणि गाडी थेट त्यांच्या भावाच्या नांगरलेल्या रानात घातली. ढेकळांवरून अशी काही आदळआपट झाली की माझी हाडं माझ्याशी भांडायला उठली. गाडी थांबवून त्यांनी आम्हाला शेजारी शेजारी उभं केलं. बाईंच्या कानशिलावर चुन्याचा जाड पट्टा होता, भांगावर दुसरा. माझ्या कपाळाला मागच्या कमानीनं टिळाच लावला होता.

"शोभतंय का?" बाईंनी विचारलं.

रिसालदार हसले नाहीत. त्यांनी बाईंच्या कानशिलावरचा चुना स्वतःच्या रुमालानं पुसला, आणि पुसून झाल्यावरही जरा वेळ तिथंच बघत राहिले.

त्यातून आमचा पिंजरा ठरला. मागची कमान कायमची, आणि मागची सीट काढून टाकायची, म्हणजे कमानीवर कोणाचं डोकं आपटायला नको. त्यामुळे कॉलनीची फुकटची सवारी बंद झाली आणि चार लोक रुसले ते वेगळंच. पुढचे आणि दारातले पाईप मात्र नटबोल्टवर. शर्यतीच्या मैदानावर पोचलं की बसवायचे, आणि घरी निघायच्या आधी काढून कॅरियरला बांधायचे, कारण परतताना शेजारी बाई असत. मैदानावरची पोरं चिडवत, "रिसालदार, पिंजऱ्यातला पोपट उडाला का?" ते म्हणत, "पोपट हितंच हाय, मैना घरी न्यायचीय." आणि पाना फिरवत राहत. घाईत एकही नट आवळला नाही त्यांनी, की सोडला नाही.

अशा दोन-तीन वर्षांनंतर ती मोठी शर्यत आली. पुण्याच्या पलीकडच्या एका पडीक धावपट्टीवर लांबलांबून गाड्या आल्या होत्या. पुढच्या वर्षापासून पन्नाशीपुढच्यांना भाग घेता येणार नाही, असं आयोजकांनी जाहीर केलं होतं. रिसालदारांनी पन्नाशी केव्हाच ओलांडली होती. म्हणजे हीच शेवटची. त्यांनी तसं बोलून दाखवलं नाही, पण आठवडाभर जेवणात लक्ष नव्हतं, असं बाई म्हणाल्या. सकाळच्या सरावात सगळ्यांत वेगवान फेरी त्यांचीच लागली. मी तर मनातल्या मनात पेढे वाटून मोकळा झालो होतो.

तेवढ्यात तपासनीस आले. पिंजरा हलवून बघितला, कामाचं कौतुक केलं, आणि म्हणाले, नटबोल्ट चालणार नाहीत, सांधे वेल्डिंग केलेले हवेत. नियम नवा होता, आम्हाला कोणी कळवला नव्हता. पण माणूस भला होता. तिथंच वेल्डिंगचं मशीन होतं, वेळही होता. "आता जोडून घ्या, घरी जाऊन कापा," ते म्हणाले.

मी मशीनकडे धावलोच. परत आलो तर रिसालदार पिंजऱ्यात बसलेले, दोन्ही हात स्टिअरिंगवर. बाई खिडकीशी वाकून सांगत होत्या, "अहो, करून टाका. मी एस.टी.नं जाईन. पूर्वी जातच होते की."

"उद्या जाल," रिसालदार म्हणाले. "परवाबी जाल. पन मी ते कापनार न्हाई, बाई."

"काका, मी कापतो ना," मी म्हटलं. "उद्याच येतो."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू येशील रे. मीच म्हनंन, आज नको, पुढल्या आठवड्यात बघू. आज जिंकलो तर ह्ये लोखंड मला लाडकं व्हईल. मग एक दिवस एस.टी. चुकंल, आन मी म्हनंन, बाई, बसा, जरा डोकं सांभाळा. मी मला वळखतो."

ते उतरले. हेल्मेट काढून बाईंच्या हातात दिलं. आणि रोजच्यासारखे, एकेक करून, सगळे नट सोडले. शर्यत सुरू झाल्याचा आवाज आला तेव्हा ते कॅरियरवरच्या पाईपांना दोरीची शेवटची गाठ मारत होते. त्यांनी मान वर केली नाही. गाडी चालवण्यात या माणसाच्या तोडीचं कोणी नाही, हे मला ठाऊक होतं. पण त्या क्षणी मला त्यांच्याजवळ जायचीही छाती झाली नाही, इतके ते मला मोठे वाटले. मी मागे थांबलो आणि एका टेम्पोतून घरी आलो.

त्यानंतर ते शर्यतीला गेले नाहीत, आणि त्याविषयी कधी बोललेही नाहीत. पुढे काही वर्षांनी एका सकाळी झोपेतच गेले. मातीहून परतल्यावर मी ओट्यावर बसलो होतो. बाई चहा घेऊन आल्या आणि शेजारी बसल्या. मी म्हटलं, "बाई, काका त्या दिवशी डोंगरासारखे वाटले मला. नुसते नट सोडत राहिले, चेहऱ्यावर रेघ नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. म्हणाल्या, "सुप्याच्या अलीकडं त्यांनी गाडी कडेला घेतली. म्हणाले, लई वाईट वाटतंय, बाई. आणि स्टिअरिंगवर डोकं टेकवून रडले. असे रडले, की मी घाबरले. मग तोंड धुतलं आणि मला म्हणाले, वसंताला ह्ये कळू देऊ नका. पोरगं दुसरी कुठली शर्यत हुडकून आत्ताच्या आत्ता मशीन घिऊन दारात हुबं राहील, आन मला न्हाई म्हनवायचं न्हाई."

गेलो असतो मी. खरंच मशीन घेऊन गेलो असतो.