लेक ओहाराची साडेदहाची बस

अमेरिकेत फ्रीमाँटला आल्यावर पहिली काही वर्षं मला नोकरी करण्याची परवानगी नव्हती. पुण्यात एका दैनिकात सात वर्षं उपसंपादक म्हणून काम केलं होतं. तारखा, आडनावं, गावांची अंतरं तपासून घ्यायची सवय लागली होती आणि तपासायला काही नव्हतं. ओळखीच्या मराठी कुटुंबांत दर महिन्याला एकाच्या घरी जेवण असे, प्रत्येकानं एक पदार्थ आणायचा. तिथे मे महिना आला की एकच विषय निघे: उन्हाळ्यात कुठे जायचं. ज्याला त्याला त्याच गोष्टी पुन्हापुन्हा विचारल्या जात. २००३ साली मी ती माहिती लिहून काढायला घेतली. ते टिपण दोन पानांचं, पाठपोट छापलेलं असे. लोक त्याला नुसतं ‘टिपण’च म्हणत.

पहिल्या वर्षी योसेमिटी आणि लेक टाहो झाले. दुसऱ्या वर्षी बहुतेकांना पश्चिम कॅनडा हवा होता. मी स्वतः कॅनडात गेले नव्हते. पासपोर्टवरच्या अमेरिकेच्या व्हिसाची मुदत संपलेली होती आणि बाहेर पडून परत येताना अडचण झाली तर, या भीतीनं आम्ही कुठेच जात नव्हतो. त्यामुळे जाऊन आलेल्यांना फोन करून मी माहिती घेई. प्रश्न ठरलेले होते. किती वाजता निघालात, किती वाजता पोचलात, पेट्रोल कुठे भरलं, स्वच्छतागृह कुठे होतं, म्हाताऱ्या माणसाला किती चालावं लागलं. ‘खूप सुंदर आहे’ हे वाक्य मी लिहून घेत नसे.

त्या वर्षीच्या टिपणातल्या काही सूचना माझ्याकडे अजून आहेत. पासपोर्टला टाचलेलं पांढरं कार्ड सीमेवर कुणी मागितलं नाही तर आपणहून काढून देऊ नये, अमेरिकेत परत शिरताना तेच लागतं. सीमेवर फळं सापडली तर टाकून देतात, आंबे आधीच खाऊन घ्यावेत. जॅस्परच्या रस्त्याला लागण्याआधी टाकी पूर्ण भरावी. तंबूजवळ लोणच्याची बरणी, खोबरेल तेल, तुपाचा डबा उघड्यावर ठेवू नये, अस्वलाला सगळ्याचा वास येतो. जुलैतही स्वेटर लागतो. कॅनडात शिरताच मोबाइल फोन बंद करावा, रोमिंगचे पैसे फार पडतात.

लेक ओहाराची माहिती मला सनीव्हेलच्या एका तरुण इंजिनिअरनं दिली. हे तळं ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अल्बर्टाच्या हद्दीला लागून आहे. तिथे खासगी गाडी नेता येत नाही. खालच्या वाहनतळापासून वर तळ्यापर्यंत अकरा किलोमीटरचा चढ आहे आणि राष्ट्रीय उद्यानाची ठरावीक बस जाते. तिच्या जागा तीन महिने आधी फोनवर राखून ठेवाव्या लागतात.

“यार वहिनी, आठला लावला ना फोन, की सगळं संपलेलं असतं,” तो म्हणाला. “मी एकदा वैतागून सातला लावला आणि डायरेक्ट लागला. त्यांचं घड्याळ पुढे असणार.”

मी टिपणात लिहिलं: ‘फोन सकाळी सातला लावावा.’ शेवटचं वाक्य घेतलं नाही. ते अंदाजाचं होतं, आणि अंदाज छापायचा नाही हा आमच्या डेस्कवरचा नियम होता. घड्याळाबद्दल मी ग्रंथालयातला ॲटलास पाहिला. त्यातल्या छोट्या नकाशावर वेळेची सीमा प्रांताच्या हद्दीवरून गेल्यासारखी दिसत होती. त्यावरून वेगळी सूचना लिहिली: ‘अल्बर्टा प्रांतात शिरताना घड्याळ एक तास पुढे करावं.’

आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात त्या वर्षी शेजाऱ्याचे आईवडील आले होते, मी त्यांना काका-काकू म्हणे. मुलगा-सून दोघंही नोकरी करणारे, नऊ वर्षांची नात. काका सातारा जिल्ह्यातल्या एका शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. सहा महिन्यांत मुलगा त्यांना बरंच काही दाखवायचं म्हणे, आणि काका ‘बघू’ म्हणत. टिपणाचा कच्चा मसुदा मी त्यांना वाचायला दिला, तेव्हा लेक ओहारावर त्यांनी बोट ठेवलं. दुसऱ्या दिवशी ग्रंथालयातून एक जाड पुस्तक घेऊन आले.

“हे बघ,” ते मला म्हणाले, “हे हिमगव्हर. हिमनदी डोंगराला कोरते आणि आरामखुर्चीसारखा खळगा तयार होतो. नववीच्या वर्गात दर वर्षी फळ्यावर काढायचो मी. पोरं विचारायची, सर, तुम्ही बघितलंय का. मी म्हणायचो, पुस्तकात आहे.”

“मग आता बघणार का?”

“बघायचं नाही. आत जाऊन उभं राहायचंय. आणि ही,” त्यांनी फोटोत उंचावरून पडणारी एक धार दाखवली, “ही जिथून पडते ती लोंबती दरी. मोठी हिमनदी खोल कोरते, छोटीची दरी वरच राहते. हिच्यासाठी मी निम्मा तास घालवायचो.”

काकू आतून म्हणाल्या, “इथे आल्यापासून पहिल्यांदा काहीतरी मागितलं बाई यांनी. नाहीतर जेवायला काय हवं विचारलं तरी ‘काहीही’.”

काकांचा उजवा गुडघा दुखरा होता. सपाटीवर तासभर चालू शकत, तळ्याभोवतीची वाट तशी सपाट होती. अकरा किलोमीटरचा चढ शक्य नव्हता. म्हणजे बस मिळाली तरच जाणं. कॅनडाचा व्हिसाही एकदाच प्रवेश करण्याचा मिळाला होता, आणि ऑगस्टच्या अखेरीस त्यांचं परतीचं विमान होतं. मुलानं टिपणाप्रमाणे सकाळी सातला फोन लावला. तिसऱ्या दिवशी चार जागा मिळाल्या, साडेदहाच्या बसच्या.

सुनेला रजा मिळाली नाही. बाकीचे चौघं गाडीनं निघाले. पुढचं मी परत आल्यावर चौघांना वेगवेगळं विचारून लिहून घेतलं. तपशिलांत फरक पडला नाही.

आदल्या रात्री ते रेव्हेलस्टोक गावात मुक्कामाला होते. तिथून वाहनतळ पावणेतीन तासांवर. सकाळी सातला निघाले. फोन बंद होते, टिपणात लिहिल्याप्रमाणे. गाडीतलं घड्याळ फ्रीमाँटचं होतं. अल्बर्टात शिरायचं नव्हतं, म्हणून त्याला कुणी हात लावला नाही. पावणेदहाला ते वाहनतळावर पोचले. आभाळ स्वच्छ होतं. मुलगा म्हणाला, “पाऊण तास आधी आलो बघा बाबा. आता निवांत चहा घ्या.” काकूंनी थर्मास उघडला. काकांनी चहा घेतला नाही. ते टोपी घालून बसच्या पाटीखाली जाऊन उभे राहिले.

पंधरा-वीस मिनिटांनी तिथल्या कर्मचारी बाईनं विचारलं की तुम्ही कुणाची वाट बघताय. मुलानं साडेदहाची बस म्हणून सांगितलं. ती म्हणाली, साडेदहाची बस गेली. आता अकरा वाजून गेलेत.

“नो, इट्स टेन,” नात म्हणाली आणि मनगट पुढे केलं.

बाईनं आपलं मनगट तिच्या मनगटाशेजारी धरलं. बाईच्या घड्याळातले काटे बरोबर एक तासानं पुढे होते. वेळेची सीमा प्रांताच्या हद्दीवर नव्हती. ती ब्रिटिश कोलंबियाच्या आतच, डोंगरात, रेव्हेलस्टोक सोडल्यावर वाटेत होती. रस्त्याकडेला पाटीही होती असं नंतर कळलं. त्या वेळी गाडीत काकू तिखटमिठाच्या पुऱ्या वाटत होत्या.

मुलानं टिपणाचा कागद काढून पुन्हा वाचला. “हिनं अल्बर्टा लिहिलंय. स्पष्ट लिहिलंय, अल्बर्टा.”

काका एका ओंडक्यावर बसले. काकूंनी मला सांगितलं, “मला वाटलं गुडघा दुखतोय. विचारलं तर म्हणाले, ‘दर अंशाला चार मिनिटं.’ एवढंच. दोनदा म्हणाले.”

कर्मचारी बाईनं सांगितलं, दुपारी साडेतीनला आणखी एक बस आहे, तीही भरलेली आहे. कुणी आलं नाही तर जागा देता येईल, वचन देता येत नाही. मुलगा म्हणाला, तोवर आपण दुसरं तळं बघून येऊ, तिथे गाडी थेट जाते. काका म्हणाले, “तुम्ही जाऊन या. मी बसतो इथे.” मग कुणीच गेलं नाही. त्यांनी वाहनतळावर साडेचार तास काढले. पुऱ्या आणि दही खाल्लं, डबे लगेच गाडीत बंद केले. नातीनं आजोबांकडून रेखावृत्तांचा धडा घेतला. तिनं इंग्रजीत विचारायचं, त्यांनी मराठीत उत्तर द्यायचं. दोन वाजल्यानंतर पश्चिमेकडून ढग येऊ लागले.

साडेतीनला बसशी सगळे जमले. एक माणूस आला नव्हता. एकच जागा होती.

मुलगा म्हणाला, “बाबा, एकटे कसे जाणार? वर कुणाशी बोलणार? पाय घसरला तर?”

काका म्हणाले, “हिला जाऊ दे. मला काय, मला आत काय आहे ते माहीत आहे.”

“मला दगडातलं काय कळतंय?” काकू म्हणाल्या. “परत आल्यावर तुम्ही मला पन्नास प्रश्न विचारणार आणि मी नापास होणार. चढा आधी.” त्यांनी त्यांच्या खिशात एक पुरचुंडी कोंबली आणि बाईला खुणेनं सांगितलं की यांना पुढच्या सीटवर बसवा.

फ्रीमाँटला मला हे त्याच संध्याकाळी कळलं. त्यांनी मोटेलमधून फोन केला होता. सून कुंपणाशी आली आणि म्हणाली, “तुझ्या टिपणामुळे बस चुकली गं आमची. बाबा एकटेच वर गेले.” ती रागावलेली नव्हती, दिवसभर काम करून थकलेली होती. मी माफी मागितली, तेव्हा ‘असू दे’ म्हणून ती आत गेली. मला रात्री सनीव्हेलच्या त्या इंजिनिअरचा फोन ज्या वहीत टिपला होता ती वही आठवली. ‘त्यांचं घड्याळ पुढे असणार’ हे वाक्य वहीत होतं. मी त्यावर काट मारली होती, पण ते वाचता येत होतं.

पाच दिवसांनी ते परतले. मी वही न घेता गेले. काका जेवणाच्या टेबलाशी बसले होते.

“काका, चूक माझी आहे,” मी म्हटलं.

“तुझी कशी? मी पस्तीस वर्षं शिकवलं. पंधरा अंशांना एक तास, आणि वेळेच्या सीमा राज्याच्या हद्दी पाळतातच असं नाही. परीक्षेत विचारलाय हा प्रश्न मी. पोरांचे गुण कापलेत.” ते हसले. “वही कुठे तुझी? माझी माहिती घेणार नाहीस?”

मी घरी जाऊन वही आणली. त्यांनी ठरलेल्या प्रश्नांची उत्तरं क्रमानं दिली. वर पोचायला वीस मिनिटं. शेवटची बस साडेसहाची, म्हणजे हातात अडीच तास. वाट सपाट, दोन ठिकाणी ओली. एका कॅनडियन आजीनं पूर्ण फेरीभर हात धरला, ती सतत बोलत होती, कळत काही नव्हतं. पुरचुंडीतला लाडू दोघांनी अर्धा अर्धा खाल्ला.

“आणि हिमगव्हर?”

काकांनी टेबलावरचा कागद माझ्याकडे सरकवला. पेन्सिलीनं काढलेली आकृती होती, फळ्यावर काढतात तशी, बाण आणि नावं घालून. तळं, त्याच्या काठचा हिमनदीनं आणून टाकलेल्या दगडगोट्यांचा हिमोढ, तिन्ही बाजूंच्या भिंती, उजवीकडून पडणारी धार. भिंती निम्म्यावर थांबल्या होत्या. धारही वरून कुठून येते ते नव्हतं. वरचा अर्धा कागद कोरा होता.

“ढग उतरले होते,” ते म्हणाले. “सकाळच्या बसच्या लोकांना सगळं दिसलं असणार. मला एवढं दिसलं.”

“लोंबती दरी?”

“वर आहे. पाणी पडतंय म्हणजे असणारच. पण दिसली नाही, म्हणून काढली नाही.” मग ते म्हणाले, “आत उभा राहिलो मात्र. बराच वेळ. गार वारा वरून खाली येतो, पाठीवर लागतो. हे पुस्तकात नव्हतं.”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “बसमधून उतरले तर टोपी भिजलेली, नाक लाल. आणि मला काय म्हणाले, ‘पुढच्या खेपेला तू.’ व्हिसा यांच्या वडिलांनी ठेवलाय.”

दुसऱ्या दिवशी मी दुरुस्ती लिहून त्यांना दाखवायला नेली. वर्तमानपत्रात लिहितात तशीच लिहिली होती: ‘टिपणातील वेळेच्या सूचनेत अनवधानानं त्रुटी राहिली असून त्यामुळे काहींची गैरसोय झाली.’ काकांनी तांबडी पेन्सिल मागून घेतली. ‘अनवधानानं’ खोडलं. ‘काहींची’ खोडलं. शेवटी सगळंच खोडलं.

“यातून कुणाला काय कळणार? जाणाऱ्याला उपयोग व्हायला हवा. लिही, मी सांगतो.”

त्यांनी सांगितलं ते मी लिहून घेतलं, आणि पुढच्या वर्षी टिपणाच्या पहिल्या पानावर, पेट्रोल आणि अस्वलांच्याही आधी, शब्द न बदलता छापलं:

‘रेव्हेलस्टोक सोडताच घड्याळ एक तास पुढे करा, अल्बर्टाची वाट बघू नका. एक निवृत्त भूगोल शिक्षक पाऊण तास आधी पोचले आणि बस पाव तास आधी गेलेली होती. सकाळचीच बस घ्या. दुपारी ढग उतरतात आणि वरची दरी दिसत नाही.’